‘प्रोव्होक्ड’: शीर्षक आणि निकाल

जगमोहन मुंदडा यांचा ‘प्रोव्होक्ड’ (२००६) हा चित्रपट किरणजीत अहलुवालिया यांच्या जीवनावर आधारलेला आहे. दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये इंग्लंडात त्यांनी निद्रिस्त पतीला पेटविले आणि खुनाबद्दल त्यांना जन्मठेप झाली. ऐश्वर्या राय यांनी ही मूक वेदना संयमाने साकारली आहे.

तथापि शीर्षक खटकते. १९९२ च्या अपिलात ‘प्रक्षोभा’चा मुद्दा न्यायालयाने स्वीकारलाच नाही, आत्मसंयम एकाएकी सुटला पाहिजे, ही अट कायम राहिली. दोषसिद्धी रद्द झाली ती त्यांच्या नैराश्याचा वैद्यकीय पुरावा मूळ खटल्यात मांडला गेला नव्हता म्हणून. पुढे सदोष मनुष्यवधाची कबुली स्वीकारली गेली आणि भोगलेल्या तुरुंगवासाएवढीच, ३ वर्षे ४ महिन्यांची, शिक्षा झाली. म्हणजे कायद्याने या स्त्रीला सोडले ते पीडित म्हणून नव्हे, तर रुग्ण म्हणून.

जागेपणी ज्याच्यासमोर उभे राहण्याचीही धास्ती, त्याच्या निद्रेची वाट पाहणे हा थंड डोक्याचा कट मानावा काय? ‘एकाएकी’ची ती अट इंग्लंडच्या कायद्यातून २०१० मध्ये गेली. हा सल शीर्षकाखाली झाकला जातो. चित्रपट अवश्य पाहावा. परंतु निकाल त्याहून अधिक अस्वस्थ करणारा आहे.