गिरणगावच्या तोंडी बखरी

कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे १७ वर्षांनी, बहुतांशी आठवणीवरून रचिली. तथापि तीस साधन म्हणण्यास आपण कचरत नाही. मग रत्नागिरीहून वा साताऱ्याहून पोटासाठी मुंबईस आलेल्या साचेवाल्याचे कथन मात्र गप्पाष्टक ठरावे, यास आधार कोणता?

नीरा आडारकर व मीना मेनन यांचा शंभर आवाजांचा इंग्रजी ग्रंथ २००४ साली निघाला व पुढे मराठीतही आला. त्याचे मोल या प्रश्नात आहे. मुंबईची पहिली कापड-गिरणी १८५६ साली सुरू झाली. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. गिरणीच्या मस्टरात या माणसांचे नाव व हजेरी मिळेल. परंतु गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीने निजणाऱ्यांचे मन तेथे मिळणार नाही. ते या ग्रंथात मिळते, म्हणून संपादिकांचे ऋण आम्ही मानतो.

तथापि दोन उणिवा सांगणे प्राप्त आहे. निवेदने विषयक्रमाने व उताऱ्यांच्या रूपाने दिल्यामुळे एका मनुष्याचे आयुष्य अखंड हाती लागत नाही. दुसरे, मराठी बोलणाराचे शब्द आधी इंग्रजीत छापिले गेले. पोथीचे भाषांतर छापून मूळ बासनात ठेवावे, तसे हे झाले. कोकणी वळणाची वा घाटावरची बोली हीच येथे मूळ प्रत होय. तिच्यावाचून पाठशुद्धी कशी व्हावी? स्मरण चुकते, हे खरे. परंतु त्याची चिकित्सा मूळ शब्दांवरच करिता येते.

संग्राहकांस आमची विनंती आहे. राजवाड्यांनी दारोदार हिंडून जीर्ण दप्तरे मिळविली. तीच दृष्टि आता चाळींकडे वळवावी. मनिऑर्डरीच्या पावत्या, गावाकडून आलेली पत्रे, खानावळींच्या वह्या व गावमंडळांची जमाखर्चाची बाडे चाळी पाडताना रद्दीत जात आहेत. १९८२ साली जो विशीत होता, तो आज साठी उलटून गेला आहे. कागद कोनाड्यात शतकभर वाट पाहतो. मनुष्य पाहत नाही. म्हणून आधी त्याचे बोलणे त्याच्याच बोलीत अक्षरशः उतरून घ्यावे, स्थळ व तिथि नोंदवावी. भाष्य मागाहून करिता येईल.