टॅबवरचा आकडा म्हणजे संदर्भ नव्हे : मलाखी ३:२३ की ४:५?

समजा, तुम्ही रायगड किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजावर काम करताय. अलिबाग, रेवदंडा, पेण इथली सिनेगॉग पाहून झाली. नवगावची जुनी दफनभूमी झाली. एलियाहू हानाबी प्रकट झाले अशी श्रद्धा असलेला अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडकही पाहिला. आता तुम्हाला बायबलमधलं एक वचन हवंय : देव एलीया संदेष्ट्याला पुन्हा पाठवणार आहे, असं सांगणारं. बायबल अभ्यासाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही दोन टॅब उघडता, एक हिब्रू आणि एक मराठी. मराठी टॅबवर लिहिलेलं असतं ‘मलाखी ४:५’. हिब्रू टॅबवर ‘३:२३’. आणि मजकूर मात्र एकच!

बहुतेक जण इथे ‘लेबलचा घोळ आहे’ म्हणून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका.

दोन्ही लेबलं बरोबर आहेत. हिब्रू बायबलमध्ये मलाखीचे अध्याय तीनच, आणि तिसऱ्यात २४ वचनं. इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्ये, आणि त्याच वळणाच्या मराठी भाषांतरांत, तिसरा अध्याय १८ व्या वचनाला संपतो आणि उरलेल्या सहा वचनांचा चौथा अध्याय होतो. टॅबवर फक्त पुस्तकाचं नाव आणि आकडा दिसतो. आकडा कुठल्या मोजणीतला, हे दिसत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

खरी गंमत पुढे आहे. सोर्ड प्रोजेक्ट ही मोफत प्रणाली घ्या. झिफॉस, बायबलटाइम वगैरे प्रोग्रॅम तिच्यावर चालतात. किंग जेम्स पद्धतीच्या मराठी टॅबमध्ये तुम्ही ‘मलाखी ३:२३’ टाइप केलंत, तर तसं वचन तिथे नसतंच. मग ही प्रणाली १८ च्या पुढची पाच वचनं पुढच्या अध्यायात मोजते आणि थेट ४:५ वर उतरते. म्हणजे योग्य वचन मिळतं, पण योगायोगाने. आपल्याला वाटतं, सॉफ्टवेअरला फरक कळतो.

आता हेच योएलवर करून बघा. आत्मा ओतण्याविषयीचं प्रसिद्ध वचन हिब्रूत ३:१ आहे, मराठीत २:२८. मराठी टॅबमध्ये ३:१ टाकलंत तर तिथे वचन आहे, पण ते यहूदा आणि यरुशलेमविषयीचं, वेगळंच. कुठलीही सूचना येत नाही. लेबल छान ‘योएल ३:१’ दाखवत राहतं. स्तोत्र ५१ चंही तसंच. हिब्रूत शीर्षकाला पहिली दोन वचनं दिलेली आहेत, म्हणून मराठीतलं पहिलं वचन तिथे तिसरं होतं. मलाखीवर भरवसा बसलेला माणूस इथे हमखास फसतो.

सॉफ्टवेअरच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जोडलेले टॅब तासन्‌तास वाचवतात. आणि क्रमपद्धती नोंदवायची सोय सोर्डमध्ये आहे : प्रत्येक ग्रंथाच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘व्हर्सिफिकेशन’ अशी ओळ असते. ती नसेल तर किंग जेम्सची पद्धत धरली जाते. म्हणजे माहिती आत आहे, पण नेमकी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नाही. त्यात अरुंद टॅबवर लांब मराठी नावं शेवटी कापली जातात. ‘करिंथकरांस पहिले पत्र’ आणि ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ यांतला फरक नावाच्या मध्यात आहे, त्यामुळे दोन्ही टॅब सारखेच दिसतात. हा त्रास आहे, पण उघड दिसणारा. मोजणीचा घोळ दिसतच नाही, म्हणून तो जास्त वाईट.

‘एवढ्याशा आकड्याने काय होतंय?’ असं वाटेल. होतं. या समाजाकडे वचनं दोन वाटांनी आली. एक हिब्रू परंपरेची, जिच्यातून १८७४ साली पुण्यात मराठी अनुवादासह हगादा छापली गेली. दुसरी मिशनऱ्यांची : जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, आणि मिशनच्या शाळांत बेने इस्राएल शिक्षकही होते. आता एखाद्या जुन्या मराठी कागदात एलीयाच्या वचनाला ‘३:२३’ म्हटलं असेल, तर लिहिणाऱ्यासमोर बहुधा हिब्रू क्रमाचं पुस्तक होतं. ‘४:५’ असेल तर बहुधा मिशनचं भाषांतर. तो आकडा हाच पुरावा आहे. तुम्ही टॅबवरून बघून तो ‘दुरुस्त’ केलात, की पुरावा तुमच्याच हाताने पुसला गेला.

म्हणून एवढं करा. नोंद घेताना मूळ कागदातला आकडा जसाच्या तसा उतरवा, आणि शेजारी दुसऱ्या मोजणीतला आकडा लिहा : ‘मलाखी ३:२३ (मराठीत ४:५)’. नवीन ग्रंथ बसवला की मलाखी, योएल आणि स्तोत्र ५१ उघडून तो कुठली मोजणी धरतो ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. सोर्डमध्ये ग्रंथाचं छोटं नाव त्याच कॉन्फ फाइलमध्ये ‘अ‍ॅब्रिव्हिएशन’ या ओळीत बदलता येतं. हिब्रू ग्रंथाच्या नावात ‘हि’ आणि मराठीच्या नावात ‘म’ आधी घाला. नाव कापलं गेलं तरी पहिलं अक्षर उरतं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायला विसरू नका. आणि प्रबंधात वचन देताना टॅबवरून उचलू नका, मजकूर वाचून द्या.

मार्गदर्शक कदाचित हे तपासणार नाहीत. पण किनाऱ्यावरचा एखादा आजोबा आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात बोट ठेवून विचारेल, ‘हे आमच्यात तीन-तेवीस आहे, तुम्ही चार-पाच का लिहिलंत?’ तेव्हा ‘टॅबवर तसं होतं’ हे उत्तर चालणार नाही.