बरं नेमकं कशाने वाटलं?

नैराश्यावर सायलोसायबिन की एस्सिटालोप्राम? २०२१चा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला हा पेपर वाचाच, पण बातम्यांवर विसंबू नका. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजची ट्रायल, ५९ रुग्ण, ६ आठवडे. आधी ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. दुय्यम मोजपट्ट्या बहुतेक सायलोसायबिनच्या बाजूने. पण अनेक तुलनांसाठीची दुरुस्ती केलेली नाही, म्हणून त्यांवरून निष्कर्ष नको.

मला जास्त खटकतं ते ब्लाइंडिंग. एका गटाला सायलोसायबिनचे २५ मिलिग्रॅमचे दोन डोस, एस्सिटालोप्रामवाल्यांना फक्त १ मिलिग्रॅमचे. २५ घेणाऱ्याला आपला गट कळणारच ना! मग गुण औषधाचा की अपेक्षेचा? आपला प्रयोग आखतानाच हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.