'स्मृतिचित्रे' : स्वतःची ओळख आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. या आत्मचरित्राची थोरवी साध्या भाषेत आणि निर्मळ विनोदात शोधण्याचा प्रघात आहे. हे मूल्यमापन खोटे नाही, पण अपुरे आहे. माणूस स्वतःला ओळखत ओळखत स्वतंत्र कसा होतो, याची इतकी प्रामाणिक नोंद मराठीत विरळाच. लेखिका कॅथलिक नव्हत्या. तरीही आपल्या तत्त्वचिंतनातील एक अवघड विचार हा ग्रंथ सोपा करून देतो.

तो विचार असा. माणसाकडून नकळत घडणारी क्रिया आणि त्याने जाणतेपणी, स्वेच्छेने केलेली कृती यांत संत थॉमस अक्वायनस यांनी भेद केला. पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेल्या कॅरोल वोयतिवा यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पोलिश ग्रंथात या भेदाचा सखोल विचार केला. 'माझ्यात काही घडते' आणि 'मी करतो' हे दोन निरनिराळे अनुभव होत. जो स्वतःचा धनी आहे, तोच स्वतःला देऊ शकतो.

आता लक्ष्मीबाईंकडे पाहावे. जलालपूरच्या माहेरी वडिलांचे कडक सोवळे, बालवयातील विवाह, पतीचा लहरी स्वभाव, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेला नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा : हे सारे त्यांच्या वाट्याला आले, त्यांनी निवडले नाही. पुढे त्या पतीकडे परतल्या, तेव्हाही आपले सोवळे सांभाळून राहिल्या. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सोडवला आणि सोवळे गळून पडले. पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागोमाग १८९५ सालीच घेतला असता, तर तो पतिव्रताधर्म ठरला असता. मधल्या वर्षांनी त्याला त्यांची स्वतःची कृती बनवले.

येथे मानसशास्त्राचीही साक्ष काढता येते. येशूसंघीय तत्त्वज्ञ बर्नार्ड लोनर्गन यांनी १९५७ साली मूलभूत स्वातंत्र्य आणि प्रत्यक्षात वापरता येणारे स्वातंत्र्य यांतील अंतर दाखवले. पहिले प्रत्येकाला आहे. दुसरे आपल्या सवयींनी व भयांनी आकसते. रोममधील ग्रेगोरियन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फादर लुइजी रूल्ला यांनी तोच धागा धरून, आपल्याला न दिसणारी मनातील विसंगती निवडीला कशी बांधून ठेवते, याचा अभ्यास केला. लक्ष्मीबाईंचा विनोद या संदर्भात वाचावा. त्या सर्वांत अधिक हसतात ते स्वतःच्या भित्रेपणाला आणि भाबडेपणाला. ज्या भयाला माणूस नाव देऊन हसू शकतो, त्याची पकड सैल होते. त्यांचा विनोद म्हणजे एक प्रकारचे आत्मपरीक्षणच होय.

ग्रंथाची एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. जातीच्या बंधनातून सुटका कशी झाली हे स्पष्ट दिसते. प्रभू ख्रिस्ताशी जडलेल्या नात्याबद्दल लेखिका फार थोडे बोलतात. वाचकाला ते नाते त्यांच्या जगण्यावरूनच ताडावे लागते. १९१९ साली टिळक निवर्तल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे लिहिले, यातच काही उत्तर आहे.

पैठण रस्त्यावरील चितेगावपासून नगर-राहुरी फार दूर नाही. हा ग्रंथ विचारतो तो प्रश्न तर आपल्या घरातलाच आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. ती देवाची कृपा खरी. पण त्या कृपेला आपला होकार देण्याचे काम उरतेच. धर्माच्या बाबतीत कोणावरही त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीविरुद्ध सक्ती नको, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले. हे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले आहे काय? पत्नीचा होकार गृहीत धरला जातो, आणि 'मिस्साला का जायचे?' असे विचारणाऱ्या मुलाला गप्प केले जाते. हा प्रश्न पुष्कळदा श्रद्धेचा आरंभ असतो. त्याला उत्तर द्यावे, आणि उत्तरासाठी वेळही द्यावा. टिळकांच्या घरात तो वेळ पाच वर्षांचा होता.