तळव्यावरील नाव

निर्जीव वस्तू सजीव झालेली पाहणे हा चित्रपटमाध्यमाचा अगदी आरंभापासूनचा आनंद आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी, १९१२ साली, वाटाण्याच्या रोपट्याच्या वाढीचा एक छोटासा चित्रपट तयार केला होता. कुंडीत पेरलेल्या दाण्याचे ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यावयाचे आणि ती चित्रे सलग दाखवावयाची, एवढीच त्यातील युक्ती. अनेक दिवसांची वाढ प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत क्षणांत घडत असे. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज' मध्ये त्यांनी काड्यापेटीतील काड्या अशाच नाचविल्या. ही विद्या पुढे 'लंकादहन' (१९१७), 'कालियामर्दन' (१९१९) अशा पुराणकथांतील चमत्कारांच्या सेवेस लागली आणि पडद्यावर देव दिसताच प्रेक्षक हात जोडू लागले. वाटाण्याचे ते रोपटे आपल्या चित्रपटाने फार लवकर टाकून दिले, असे आम्हांस वाटते.

असे वाटण्यास कारण आहे. संयुत्त निकायातील भिक्खुनीसंयुत्तात मार हा सेला भिक्खुणीला विचारतो, की हे बाहुले कोणी घडविले आणि त्याचा कर्ता कोठे आहे? बाहुले म्हणजे हा देह. सेलेच्या उत्तराचा आशय असा की, ते स्वतःच निर्माण झालेले नाही व दुसऱ्या कोणी निर्माण केलेलेही नाही. हेतूमुळे ते उत्पन्न झाले आहे आणि हेतू भंगताच ते निरुद्ध होईल. यासाठी ती दृष्टान्त देते तो शेतातल्या बीजाचा. माती आणि ओलावा मिळाला की बीज उगवते. फाळक्यांच्या कुंडीत हेच दिसत होते. तेथे प्राण फुंकणारा कोणी नव्हता.

आज आमच्या घरांतील मुले ज्या पडद्यावर वाढत आहेत, तेथे वस्तू सजीव होतात त्या मात्र निराळ्या नियमाने. उदाहरणादाखल आम्ही अमेरिकेतील पिक्सार संस्थेची 'टॉय स्टोरी' ही चित्रपटमालिका घेतो. तिचा पहिला भाग १९९५ साली आला. जॉन लॅसेटर यांनी दिग्दर्शित केलेला हा संपूर्णपणे संगणकाच्या साहाय्याने रेखाटलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. १९९९, २०१० व २०१९ या वर्षी पुढील भाग आले. विहारांतील रविवारच्या वर्गात येणाऱ्या मुलांनाही यातील वुडी आणि बझ ही नावे पाठ असतात, म्हणून ही चर्चा या पृष्ठांवर अस्थानी ठरू नये.

कथेचा मूळ नियम असा. अँडी नावाच्या मुलाची खेळणी विचार करतात, भांडतात, मत्सर करतात, घाबरतात. परंतु माणसाची चाहूल लागताच जागच्या जागी निपचित पडतात. मालकासमोर आपण जिवंत असल्याचे दाखवावयाचे नाही. प्रेक्षागृहात या प्रसंगांना हशा पिकतो आणि तो पिकावा इतके ते कुशलतेने रंगविलेले आहेत. परंतु मालक वाड्यात आला की उठून उभे राहावयाचे, मान खाली घालावयाची आणि बोलावयाचे नाही, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी अनुभवले आहे त्यांचे हसू थोडे अर्धवट राहिले, तर त्यास आम्ही रसिकतेचा अभाव म्हणणार नाही.

वुडीच्या तळपायावर अँडीचे नाव लिहिलेले आहे. बझ लाइटइयर हे नवे खेळणे स्वतःला खराखुरा अंतराळवीर समजत असते. दूरदर्शन संचावर आपल्याच जातीच्या खेळण्याची जाहिरात त्याच्या दृष्टीस पडते. आपण कारखान्यात बनलो, तैवानमध्ये बनलो, आपल्यासारखे पुष्कळ आहेत, हे त्याला उमगते. तरी तो उडण्याचा प्रयत्न करतो, कोसळतो आणि त्याचा हात निखळून पडतो. संपूर्ण मालिकेतील हा अत्यंत प्रामाणिक क्षण होय. 'मी' म्हणून जे कवटाळले होते ते सुट्या भागांची जुळणी निघाले.

येथे थेरीगाथेतील सुभा थेरीची आठवण होते. जीवकाच्या आम्रवनात एक तरुण तिची वाट अडवितो व तिच्या नेत्रांची स्तुती करू लागतो. ती त्याला रंगविलेल्या लाकडी बाहुल्यांचा दाखला देते. दोऱ्या-खुंट्यांनी बांधलेल्या त्या बाहुल्या नाना प्रकारे नाचताना तिने पाहिल्या आहेत. दोऱ्या सोडल्या, तुकडे विखुरले, म्हणजे मन गुंतवावयाचे ते नेमके कशात? हे सांगून ती स्वतःचा डोळा काढून त्याच्या हाती देते. अंगावर काटा आणणारा हा प्रसंग आहे. बाहुलीतील जुळणी ओळखणारी ही स्त्री त्याच क्षणी कोणाच्याही मालकीची उरत नाही. तरुण भानावर येतो आणि क्षमा मागतो.

बझच्या वाट्याला हे येत नाही. त्या भ्रमनिरासातून त्याला सावरते ते तळव्यावरील अँडीचे नाव. अंतराळवीर असण्यापेक्षा कोणाचे तरी खेळणे असणे श्रेष्ठ, हे वुडी त्याला पटवितो आणि तो उठून उभा राहतो. एक उपादान सुटले, दुसरे लागले. दुसऱ्या भागात दुरुस्ती करणारा कारागीर वुडीच्या तळव्यावरील नाव रंगाने झाकून टाकतो, तेव्हा वुडी तो रंग खरवडून नाव पुन्हा उघडे करतो. हा प्रसंग हृद्य मानला जातो. लहान मुलाचा खेळण्यावरील जीव खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही; तो निर्मळच असतो. आक्षेप एवढाच, की विचार करणाऱ्या, दुःख भोगणाऱ्या प्राण्याच्या अस्तित्वाचा अर्थ दुसऱ्याने त्याच्या पायाखाली लिहून ठेवावा, यात कथाकारांना दीर्घकाळ काही वावगे दिसलेच नाही.

एक उपकथानक मात्र आमच्या वाचकांस निश्चित आवडेल. पहिल्या भागात तीन डोळ्यांच्या हिरव्या बाहुल्यांचा एक समूह काचेच्या यंत्रात राहतो. वरून उतरणारा लोखंडी पंजा हाच त्यांचा स्वामी. कोणी जावे, कोणी राहावे हे तोच ठरवितो अशी त्यांची भाबडी श्रद्धा. तिसऱ्या भागात खेळणी कचऱ्याच्या भट्टीत लोटली जातात, सुटकेचा मार्ग उरत नाही, ती परस्परांचे हात धरतात. तेवढ्यात एक प्रचंड पंजा खाली येऊन सर्वांना उचलतो. कॅमेरा पंजावरून यंत्राच्या कक्षाकडे वळतो, तर आत बसून तो चालवीत आहेत त्याच हिरव्या बाहुल्या. तारणहाराच्या खुर्चीत भक्तच बसलेले आहेत. दिग्दर्शकाने हे केवळ विनोदासाठी योजले असेल. आम्ही ते अधिक गंभीरपणे घेतो.

याच भागातील लॉट्सो हे टाकून दिलेले अस्वल कटुतेने म्हणते, की सगळी खेळणी शेवटी कचराच. चौथ्या भागात हा शब्द केंद्रस्थानी येतो. बॉनी नावाची मुलगी कचऱ्यात गेलेल्या वस्तूंतून, एकदाच वापरण्याच्या चमच्याला डोळे व हात चिकटवून, फोर्की नावाचे खेळणे बनविते आणि त्याच्या पायांवर आपले नाव लिहिते. तो जिवंत होतो, परंतु स्वतःला कचराच म्हणवितो आणि पुनःपुन्हा कचरापेटीत उडी घेतो. वुडी त्याची समजूत घालतो. ती पटल्यावर फोर्की हर्षाने उद्गारतो, की मी बॉनीचा कचरा आहे!

या एका उद्गाराकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मूळचा शब्द गळून पडलेला नाही. त्यामागे केवळ मालकाचे नाव जोडले गेले आहे. 'लगान' (२००१) मध्ये कचरा याच नावाचा अस्पृश्य खेळाडू आहे. त्याला संघात घ्यावे की न घ्यावे यावर सारे गाव बोलते. तो स्वतः जवळजवळ गप्प असतो. आणि चित्रपटसृष्टीच्या बाहेर पाहावयाचे तर 'हरिजन' हा शब्द आठवावा. अस्पृश्य हा शब्द जाऊन त्या जागी हरीचा माणूस आला. १९३८ साली मुंबई विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालण्यास परमपूज्य बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध केला आणि अखेर सभात्याग केला. गोड नावाने तळवा कोरला जातो, हे त्यांनी ओळखले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे घडले, त्यात नव्या मालकाचा शोध नव्हता.

मुलांच्या चित्रपटावर एवढे ओझे कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, बालपणी जे हसत-खेळत मनात उतरते त्याच्याशी मोठेपणी वाद घालणे फार कठीण जाते. शिवाय या मालिकेच्या कर्त्यांनाही हा प्रश्न शेवटी टाळता आलेला नाही. चौथ्या भागातील बो पीप ही बाहुली मालकाविना, उघड्या जगात, आपल्या हिमतीवर राहते आणि दुःखी नाही. अखेरीस वुडी बॉनीला सोडून तिच्याबरोबर राहतो. पंचवीस वर्षे होत आली तेव्हा या कथाविश्वाला हे धाडस झाले. वुडीचा हा निर्णय अनेक प्रेक्षकांना रुचला नाही; आमच्या मते मालिकेतील सर्वांत प्रौढ निर्णय तोच आहे.

त्यानंतर श्रेयनामावली सुरू होते आणि तिच्यामध्ये एक लहानसा प्रसंग येतो. बॉनीने आता सुरीपासून एक नवी बाहुली बनविली आहे. ती गोंधळून फोर्कीला विचारते, की मी जिवंत कशी? फोर्की उत्तर देतो, की मला ठाऊक नाही. जीव आणि शरीर एकच की भिन्न, हा प्रश्न भगवंतांनी मालुंक्यपुत्ताला अनुत्तरित का ठेवला, हे वर्गात शिकविताना हा प्रसंग उपयोगी पडेल. तो पाहावयाचा तर नावे सरकू लागल्यावरही मुलांना बसवून ठेवावे लागेल.