हायलँडमधलं ठरवलेलं लग्न : ‘आउटलँडर’विषयी

हायलँड रोमान्स म्हटलं की लोक आधी हसतात. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा गडी, मागे धुकं, धुक्यात किल्ला. आत काय असणार ते उघडायच्या आधीच कळतं. ते हसू अगदीच अस्थानी नाही. पण या कादंबऱ्यांचा ठरलेला सांगाडा आहे ना, नको असलेलं लग्न आणि मग त्यातून उगवणारं प्रेम, तो आपल्याला परका नाही. ‘लग्नानंतर जमेल हळूहळू’ हे वाक्य आपल्याकडे किती घरांत बोललं गेलंय ते सांगायला नको. म्हणून मी आज हा विषय थट्टेचा धरत नाही.

या प्रकारातली एक गाजलेली कादंबरी म्हणजे ज्यूली गारवुड यांची ‘द ब्राइड’, १९८९ सालची. काळ इसवी सन ११००. राजाच्या हुकमाने एका स्कॉटिश सरदाराला इंग्लिश बायको करावी लागते, आणि तो एका बॅरनच्या मुलींतली धाकटी निवडतो. तिला कुणी विचारत नाही. गारवुड यांची विनोदबुद्धी छान आहे, संवाद चुरचुरीत आहेत, वाचताना मजा येते. (बाराव्या शतकाच्या तोंडावर घराण्याघराण्याचे वेगळे चौकडे मात्र सोडून द्या. ती रीत पक्की झाली एकोणिसाव्या शतकात, १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा जो थाट उभा केला, त्याच्या आगेमागे.) पण मूळ अडचण कपड्यांची नाही. हुकूम हुकूमच राहतो, आणि पुढची सगळी पानं तो गोड कसा झाला हे सांगण्यात जातात.

आता ‘आउटलँडर’. डायना गॅबल्डन, १९९१. बाई अमेरिकन, आणि हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी स्कॉटलंड पाहिलेलंही नव्हतं. क्लेअर ही लष्करी नर्स. दुसरं महायुद्ध संपल्यावर नवऱ्याबरोबर इन्व्हर्नेसला येते, उभ्या शिळांच्या एका वर्तुळात शिरते आणि १७४३ मध्ये जाऊन पडते. तिथे ब्लॅक जॅक रँडल हा इंग्लिश कॅप्टन तिच्या मागे लागतो. तो तिच्या विसाव्या शतकातल्या नवऱ्याचा पूर्वज, चेहराही तसाच. यातून सुटायचं कसं? मॅकेन्झी घराण्याचा डूगल तोड काढतो : इंग्लिश बाईला कॅप्टन ताब्यात मागू शकतो, स्कॉट माणसाच्या बायकोला नाही. तेव्हा जेमी फ्रेझरशी लग्न लाव. नेड गोवन नावाचा वकील कागद करतो, दोघं सह्या करतात.

हे कायद्याचं गणित कादंबरीच्या सोयीचं आहे, पण त्याच्या मागे खरी जमीन आहे. १७०७ च्या एकीकरणानंतरही स्कॉटलंडचा कायदा वेगळाच राहिला. लग्नाच्या बाबतीत तर दोघांची संमती हाच पाया. इंग्लंडने १७५३ मध्ये लग्नाचे नियम कडक केले, ते स्कॉटलंडला लागू नव्हते. म्हणून तर पुढे पळून जाणारी जोडपी ग्रेटना ग्रीनला पोचायची. म्हणजे बघा, जिथे संमतीवर लग्न उभं राहतं, त्या मुलुखात ही बाई नाइलाजाने ‘हो’ म्हणते. त्या ‘हो’ला संमती म्हणायचं का?

गॅबल्डन यांनी एक चांगली उलटापालट केलीय. बाई वयाने मोठी, अनुभवी, आधीच लग्न झालेली. नवरा चार-पाच वर्षांनी लहान आणि कोरा. लग्न पक्कं ठरावं म्हणून ती रात्र साजरी होणं कायद्याने गरजेचं, आणि खाली डूगलची माणसं ठाण मांडून बसलेली. त्या ओशाळ्या परिस्थितीत दोघं आधी तासन्‌तास बोलत बसतात. लग्नाच्या रात्री बोलणं ही या सबंध पुस्तकातली मला सर्वांत शृंगारिक गोष्ट वाटते.

पण मग पट्टा येतो. क्लेअर सांगितलेलं न ऐकता निघून जाते, पकडली जाते, तिला सोडवताना सगळ्यांचे जीव धोक्यात येतात. त्याची शिक्षा म्हणून जेमी तिला तलवारीच्या पट्ट्याने मारतो. काही वाचक म्हणतात, अठराव्या शतकातला नवरा आहे, वेगळं काय करणार? काळाशी प्रामाणिक असणं मला मान्य आहे. तक्रार दुसरीकडे आहे. एका पुरुषाच्या मारापासून वाचायला जे लग्न केलं, त्याच लग्नाने दुसऱ्या पुरुषाला मारायचा हक्क दिला. हा केवढा मोठा प्रश्न लेखिकेच्या हातात आयता आला होता! क्लेअरचा संताप ती दाखवते, जेमी पुढे खंजिरावर शपथ घेतो की पुन्हा हात उगारणार नाही, हेही खरं. पण त्या प्रसंगाला जो थट्टेचा सूर लागतो, बाकीची माणसं ज्या मजेने तो ऐकतात, तो सूर लेखिकेलाही थोडा आवडलाय असं मला वाटतं. तिथे पुस्तक घसरतं.

सावरतं ते शिळांपाशी. चेटकीण म्हणून क्लेअरवर खटला होतो, जेमी तिला वाचवतो, आणि तेव्हा ती आपलं खरं सांगते : मी दोनशे वर्षं पुढची आहे. तो विश्वास ठेवतो आणि तिला त्या वर्तुळाकडे नेऊन सोडतो. तिकडे गरम पाणी, औषधं, पहिला नवरा. इकडे हा, आणि तीन वर्षांवर येऊन ठेपलेलं कलोडन, जे फक्त तिला माहीत आहे. ती बसून राहते, रडते, आणि उतरून त्याच्याकडे परत येते. माझ्या मते यांचं लग्न इथे लागलं. कागदावर सही झाली तेव्हा जायला जागाच नव्हती. इथे जागा होती.

‘द ब्राइड’सारख्या पुस्तकांत नायक कितीही प्रेमळ असो, अशी मोकळी वाट नायिकेपुढे कुणी ठेवत नाही. ठेवली असती तर ती थांबली असती की गेली असती, हे तिला स्वतःलाही कधी कळत नाही. क्लेअर मात्र थांबल्यावरही पहिल्या नवऱ्याची सोन्याची अंगठी काढत नाही. एका हातात ती, दुसऱ्या हातात जेमीची चांदीची. आणि जेमी ती काढ म्हणत नाही.