एका समाधिशिलेचें परीक्षण : पेट्रस्बर्ग येथील अ‍ॅन रटलेजचा लेख

जुन्या दफनभूमींतील लेख हें इतिहासाचें साधन होय, ही गोष्ट संशोधकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु साधन आणि प्रमाण या दोन भिन्न वस्तु आहेत. कागदाचें वय, अक्षराचें वळण आणि लेखकाचा हेतु पाहिल्यावांचून आपण एखादें जुनें पत्रहि स्वीकारीत नाहीं. मग लेख दगडावर आहे एवढ्यावरून त्यापुढें मान कां तुकवावी? या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानाच्या मेनार्ड परगण्यांतील एक समाधिशिला फार उपयोगी आहे. हा परगणा शेतकीचा. त्यांतील जुन्या दफनभूमि आद्य वसाहतवाल्यांच्या. त्यांपैकीं एका थडग्याची कथा मात्र जगभर गेली.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. जेम्स रटलेज व जॉन कॅमेरॉन यांनीं १८२९ सालीं सँगमन नदीकांठीं न्यू सेलम हें खेडें वसविलें. अब्राहम लिंकन तेथें १८३१ पासून १८३७ पर्यंत राहिला. रटलेजची कन्या अ‍ॅन ही १८१३ सालीं जन्मली आणि २५ ऑगस्ट १८३५ रोजीं तापानें वारली. तो ताप विषमज्वराचा असावा असें मानतात. तिला खेड्याच्या उत्तरेस ओल्ड काँकॉर्ड या दफनभूमींत पुरलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तिचा बापहि निवर्तला. १८४० च्या सुमारास न्यू सेलम ओस पडलें व जवळचें पेट्रस्बर्ग वाढीस लागलें. मेनार्ड परगणाहि १८३९ सालीं सँगमन परगण्यांतून वेगळा काढलेला आहे; अर्थात् अ‍ॅन वारली तेव्हां तो अस्तित्वांतच नव्हता. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण बनावट कागद ओळखण्याच्या कामीं अशाच क्षुल्लक बाबी उपयोगीं पडतात.

आतां शिलेकडे वळूं. ती ओल्ड काँकॉर्ड येथें नाहीं. १८९० च्या मे महिन्यांत सॅम्युएल मॉन्टगोमेरी या अंत्यविधीच्या व्यावसायिकानें जुनें थडगें उकरून हातीं लागले ते थोडे अवशेष पेट्रस्बर्गच्या ओकलँड दफनभूमींत नेले. ही दफनभूमि तेव्हां नवी होती. प्रथम तेथें नांव कोरलेला एक ओबडधोबड धोंडा होता. १९२१ सालीं ग्रॅनाइटची सध्याची शिला उभी राहिली. तिजवर जन्ममृत्यूच्या तिथि आहेत, आणि एडगर ली मास्टर्स या कवीची एक संपूर्ण कविता आहे. त्या कवितेंत अ‍ॅन स्वतः बोलते, आणि आपण लिंकनची प्रिया होतों असें सांगते.

ही कविता मास्टर्सच्या ‘स्पून रिव्हर अँथॉलॉजी’ या १९१५ च्या संग्रहांतील आहे. त्यांतील कविता १९१४ पासून सेंट लुईच्या ‘रीडीज मिरर’ या साप्ताहिकांत टोपणनांवानें येत होत्या. कवीचें बाळपण पेट्रस्बर्ग व लुइसटाउन या गांवीं गेलें, आणि ग्रीक समाधिकाव्याच्या प्राचीन संग्रहावरून त्यास ही कल्पना सुचली. एका खेड्याच्या दफनभूमींतील दोनशेंहून अधिक मृतांस त्यानें वाचा दिली. या ग्रंथाचें मर्म असें कीं, दगडावर जें कोरलेलें असतें त्याच्या उलट मृत माणूस बोलतो. पतिव्रतेच्या लेखाखालीं दुःखी संसार असतो, सज्जनाच्या लेखाखालीं लबाडी असते. समाधिलेख खोटें बोलतात, हाच या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त होय.

आमचा पहिला आक्षेप येथेंच आहे. ज्या ग्रंथानें समाधिलेखांचा पोकळपणा दाखविला, त्यांतीलच एक कविता समाधिलेख म्हणून कोरण्यांत आली. ग्रंथांत ती इतर कडवट आवाजांच्या शेजारीं आहे व त्या शेजारामुळें तिच्या कोमल स्वरास अर्थ येतो. शिलेवर ती एकटी पडली. वाचक तिला कवीची कल्पना न समजतां मृत स्त्रीची साक्ष समजतो. याच कवीनें पुढें १९३१ सालीं लिंकनचें अत्यंत प्रतिकूल चरित्र लिहिलें, हें शिलेपुढें उभें राहणाऱ्यास कसें कळावें? काव्य म्हणून कविता सरस आहे. तिच्या संयमाबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती स्थानाबद्दल.

दुसरा आक्षेप प्रामाण्याचा. कालक्रम पाहिला म्हणजे तो आपोआप स्पष्ट होतो. मृत्यु १८३५ चा. या प्रेमकथेचा छापील उल्लेख प्रथम आढळतो तो १८६२ सालीं जॉन हिल यानें स्थानिक पत्रांत लिहिलेल्या लेखांत, व तोहि अ‍ॅनचें नांव न घेतां. लिंकनचा वध १८६५ सालीं झाला. त्यानंतर त्याचा वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन यानें न्यू सेलमच्या वृद्धांच्या जबान्या गोळा केल्या व १६ नोव्हेंबर १८६६ रोजीं स्प्रिंगफील्ड येथें गाजलेलें व्याख्यान दिलें. त्याचें लिंकनचरित्र १८८९ सालीं निघालें आणि दुसऱ्याच वर्षीं थडगें हललें. म्हणजे कथेमागून थडगें आलें व थडग्यामागून कविता आली. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर हर्नडनच्या जबान्या ही तीस वर्षांनंतर लिहिलेली कैफियत होय, आणि शिला ही ऐंशीं वर्षांनंतर लिहिलेली बखर होय. समकालीन अस्सल पत्र एकहि नाहीं.

असें पत्र नाहीं म्हणूनच तें निर्माण करण्याचा मोह झाला. १९२८ च्या डिसेंबरापासून ‘अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकानें लिंकन व अ‍ॅन यांचीं म्हणून कांहीं पत्रें छापलीं. स्प्रिंगफील्डच्या पॉल अँगल यानें तीं बनावट ठरविलीं, व एप्रिल १९२९ मध्यें त्याच मासिकास त्याचें खंडन छापावें लागलें. हस्तलिखितें जमविणारांनीं त्याचीं कारणें लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. १८३४ च्या म्हणून दिलेल्या पत्रांत कॅन्सासचा उल्लेख होता. तो प्रदेश १८५४ पर्यंत वसाहतीस खुला झालेला नव्हता. जमिनीच्या चाळिसाव्या विभागाचा उल्लेख होता. तेथील मोजणींत एका टाउनशिपचे विभाग छत्तीसच असतात, आणि लिंकन तर स्वतः मोजणीदार! स्पेन्सरच्या कित्त्याचें नांव होतें. तो कित्ता १८४८ पूर्वीं छापलेला नव्हता.

एवढ्यावरून मूळ कथाच खोटी असें म्हणणें मात्र उतावळेपणाचें होईल. जे. जी. रँडल यानें १९४५ सालीं तिची कठोर छाननी करून ती जवळजवळ बाद ठरविली होती. परंतु १९९० च्या सुमारास जॉन सायमन व डग्लस विल्सन यांनीं हर्नडनच्या मूळ जबान्या पुन्हा तपासल्या. १९९८ सालीं त्या समग्र प्रसिद्धहि झाल्या. अ‍ॅनच्या मृत्यूनें लिंकन अतिशय शोकाकुल झाला, याबद्दल जुन्या शेजाऱ्यांत बरेंच मतैक्य दिसतें. उशिराची साक्ष म्हणजे खोटी साक्ष नव्हे; बखरींतहि खरी आठवण असूं शकते. शोक संभाव्य आहे, स्नेह संभाव्य आहे. पण त्या स्नेहाला शिला जें ऐतिहासिक महत्त्व देते तें केवळ कवीचें आहे.

या शिलेनें झालेलें खरें नुकसान निराळेंच आहे. लोकांचें लक्ष ओकलँडकडे गेलें आणि ओल्ड काँकॉर्ड मागें पडलें. अ‍ॅनचा देह जेथें मातींत मिळाला ती भूमि तीच. तिच्या समकालीन वसाहतवाल्यांचीं थडगींहि तेथेंच. त्यांचा इतिहास त्या साध्या दगडांत आहे, आणि ऊन, पाऊस व नांगर यांपुढें ते दगड टिकत नाहींत. प्रसिद्ध शिलेची नक्कल हजारदां होते. अप्रसिद्ध दगडाची एकदांहि होत नाहीं.

म्हणून समाधिलेखांच्या याद्या करणारांस आमची सूचना अशी कीं, नुसता मजकूर उतरून थांबूं नये. दगड कोणत्या जातीचा, अक्षर कोणत्या काळचें, शिला मूळ जागीं आहे कीं हलविलेली, ती कोणीं व केव्हां बसविली, हीं चार कलमें प्रत्येक नोंदीत असावींत. आपल्याकडील समाध्या व वीरगळ यांसहि हाच नियम लागू आहे. जीर्णोद्धाराच्या लेखास मूळ लेखाची किंमत देतां येत नाहीं. या कसोटीवर पेट्रस्बर्गची शिला १८३५ चें साधन ठरत नाहीं. १९२१ सालीं लोक काय मानीत होते याचें मात्र ती उत्तम, अस्सल व समकालीन साधन आहे, आणि त्याच सालाखालीं तिची नोंद व्हावी.